पक्ष बदलायची शेवटची तारीख

ईस्टरच्या जेवणाला डेनिस बायको-मुलींना न घेता एकटाच आला, तेव्हाच वर्नाने ओळखलं की हा काहीतरी मागायला आलाय. लहानपणापासूनची सवय. काही मागायचं असलं की आधी न सांगता भांडी घासायला घ्यायचा. आज त्याने चर्चमधून आणलेली टोपली गाडीतून उतरवली, हॅम कापून दिलं, बीटाच्या तिखट चटणीची बाटली आईच्या हाताने उघडेना तेव्हा तीही उघडून दिली. बायकोचं, शॉनाचं, विचारलं तर म्हणाला, तिचं डोकं दुखतंय.

टेबलाशी चौघेच होते. वर्ना, डेनिस, त्याची धाकटी बहीण कॅरोलिन आणि बेसिल, म्हणजे वर्नाचा दीर. वर्नाचा नवरा मायरन गेल्यापासून तीन वर्षं त्याची खुर्ची तशीच होती. बेसिल तिच्या शेजारी बसायचा, तिच्यात कधी बसला नव्हता.

कॅरोलिन तीन आठवड्यांपासून आईकडेच राहत होती. तिच्या भाड्याच्या घरात पाण्याचा पाइप फुटला होता असं ती म्हणाली होती. तीन आठवडे लागतात का पाइपाला, असं वर्नाच्या ओठांवर अनेकदा आलं होतं, पण पोरगी घरात होती, रात्री जिन्यावर तिची पावलं वाजत होती, ते सुख मोडायला नको म्हणून तिने विचारलं नाही.

ईस्टरच्या गोड पास्का पावाचा तुकडा मोडताना डेनिसने सांगितलं की तो कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कमिशनरपदाला उभा राहतोय.

बेसिलने मान हलवली, जणू त्याला माहीत होतं. वर्नाने विचारलं, "आपल्याकडून?"

"नाही आई. रिपब्लिकनांकडून."

या घरात तो शब्द आजवर शिवीच्या शेजारीच बसत आला होता. मायरन खाण कामगारांच्या युनियनचा अध्यक्ष होता. वर्ना स्वतः कार्व्हर्स फोर्कच्या या भागाची डेमोक्रॅट पक्षाची प्रतिनिधी. दर निवडणुकीला ती म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या गाडीतून मतदानाला नेऊन आणायची. या खोऱ्यात पोर जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा व्हायचा आणि अठराव्या वर्षी त्याचं नाव डेमोक्रॅट म्हणून नोंदवलं जायचं. दोन्ही गोष्टींबद्दल पोराला कोणी विचारत नसे.

डेनिस बोलत राहिला. आता या कौंटीत डेमोक्रॅट म्हणून उभं राहणं म्हणजे पोस्टर छापायचा खर्च वाया. रिपब्लिकनांचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत जो निवडून येतो तो कमिशनर झाल्यातच जमा. पण त्या फेरीत मत द्यायचं तर नाव त्या पक्षात नोंदवलेलं लागतं, आणि पक्ष बदलायची शेवटची तारीख पुढच्या सोमवारी. त्याने स्वतः दोन वर्षांपूर्वीच बदललं होतं. सांगायचा धीर झाला नव्हता, आणि घरच्यांची नावं यादीत तपासायची वर्नाला कधी गरज वाटली नव्हती.

"तुझं एक मत मला नकोय आई," तो म्हणाला. "वर्ना झुबॅकने बदललं असं कळलं की ही गल्ली बदलेल. लोक वाट बघत बसलेत, कोणी तरी आधी जावं म्हणून."

"माझ्या नावाने तू गल्ली नेणार."

"नेणार नाही. ते आधीच निघालेत. तू फक्त मागे राहिलीयस."

वर्नाने बेसिलकडे पाहिलं. आता हा टेबलावर मूठ आपटेल, पोराला चार शब्द सुनावेल, अशी तिची खात्री होती. संपाच्या दिवसांत खाणीच्या फाटकासमोर मायरनच्या उजव्या हाताला हाच उभा असायचा. पण बेसिल ताटातल्या चीजचे बारीक बारीक तुकडे करत बसला होता.

"वहिनी, मीही बदललंय," तो म्हणाला. "मागच्याच पानगळीत."

वर्नाने हातातला पाव ताटात ठेवला.

"खाण बंद झाली तेव्हा आपल्या पक्षाचा माणूस आला होता, आठवतं? छान सूट घालून. आमच्याबरोबर फोटो काढला आणि म्हणाला, कॉम्प्युटर शिका. मी एकसष्ट वर्षांचा होतो. माझी बोटं तू बघतेस ना कशी झालीत. मी घरी आलो आणि त्या दिवशीच मनातून गेलो. नोंदणी काय, नंतरची गोष्ट."

"मायरन असता तर त्याला तोंड दाखवलं असतंस?"

"दाखवलं असतं." बेसिलचा आवाज चढला नाही. "वहिनी, शेवटच्या वर्षांत दादा आत जाऊन कोणाला मत देत होता हे तुला तरी माहीत आहे का? नोंदणी सगळ्या गावाला दिसते. मत कुठे दिसतं कोणाला."

वर्नाला वाटलं, कोणीतरी मायरनची खुर्ची जरा मागे ओढली. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. आजवर घरात भांडणं पुष्कळ झाली होती, जमिनीवरून, डेनिसच्या पहिल्या लग्नावरून. पण बाजू कोणाची हे दर वेळी आधी ठरलेलं असायचं. आज तिला आपल्याच टेबलाशी कोण कोणाच्या बाजूला बसलंय ते कळेना. म्हणून तिने लेकीकडे पाहिलं. कॅरोलिन कौंटीच्या निवडणूक कचेरीत काम करायची. असल्या बोलण्यात ती पडत नसे. मी दोन्हीकडची कागदं घेते, म्हणायची. पण आज ती ऐकतच नव्हती. तिचा काटा हवेत थांबला होता आणि कान रस्त्याकडे होते.

मग वर्नालाही ऐकू आलं. चढावर जड गाडीचं इंजिन. ते घरासमोर आल्यावर मंद झालं आणि थांबलं.

डेनिस उठला. "आपलाच आहे," म्हणाला आणि बाहेर गेला.

वर्ना सिंकवरच्या खिडकीशी गेली. वळणावर करडा पिकअप ट्रक उभा होता. डेनिस त्याच्या दारावर कोपर टेकवून उभा राहिला, आतला माणूस काही बोलला, डेनिस हसला. माणसाने मागून पोस्टरांचा गठ्ठा काढून दिला. डेनिसचंच नाव, मोठ्या अक्षरांत. तो कोल रॅन्किन होता. गावातल्याच मेल रॅन्किनचा मुलगा. लहानपणी हॅलोविनच्या सणाला उशीचा अभ्रा घेऊन याच दारात चॉकलेट-गोळ्या मागायला यायचा, आणि भावासाठी म्हणून आणखी मूठभर मागायचा.

ती वळली तेव्हा कॅरोलिनची खुर्ची रिकामी होती. बेसिलने मानेनेच तळघराचा दरवाजा दाखवला.

कॅरोलिन कपडे धुवायच्या मशीनशेजारी पायरीवर बसली होती, दिवा न लावता. वर्ना गुडघ्यांवर हात ठेवत तिच्या शेजारी बसली. पोरीने पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "पाइप फुटला नव्हता आई."

तिने जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. कोल आणि आणखी दोघे थंडीपासून कचेरीत येत होते. आधी मतदारयाद्या मागायचे. त्या कोणालाही मिळतात, तिने दिल्या. मग काउंटरसमोर उभं राहून मोबाइलवर तिचं शूटिंग करायचे. मतं चोरता तुम्ही, देशद्रोह्यांना काय शिक्षा असते ठाऊक आहे ना, असं हसत हसत विचारायचे. दोघी बायका नोकरी सोडून गेल्या. मग तो ट्रक तिच्या घरासमोर दिसायला लागला, सकाळी कामावर निघताना आणि परत येताना. पोलिसांकडे गेली तर ते म्हणाले, रस्त्यावर गाडी उभी करणं गुन्हा नाही. म्हणून ती इकडे आली.

"गुरुवारी तो काउंटरवर आला. आई, अगदी हळू बोलला. म्हणाला, आईकडे राहायला गेलीस वाटतं. तिथल्या मागच्या दाराला कडी नाही ना? खुर्ची लावून झोपता म्हणे."

मागच्या दाराची कडी जानेवारीतच तुटली होती. ते घरच्यांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

भीती तिला नवीन नव्हती. संपाच्या वर्षी कंपनीने बंदूकवाली माणसं आणली होती, तीही रात्रंदिवस याच रस्त्यावरून फिरायची. पण ती परकी होती. त्यांचे चेहरे ओळखीचे नव्हते, त्यांच्या आयांना वर्ना ओळखत नव्हती. तेव्हा दार लावलं की भीती बाहेर राहायची. आता ती दाराच्या आतल्या माणसाच्या तोंडून बाहेर गेली होती आणि परत आली होती.

"तू डेनिसला विचारलंस?"

"काय विचारू? हो म्हणाला तर?"

वर्ना वर आली. ट्रक गेला होता. डेनिस गॅरेजमध्ये पोस्टरं भिंतीला टेकवून ठेवत होता. तिने गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि सरळ विचारलं, कडीचं कोलला कोणी सांगितलं?

आधी तो म्हणाला, काय कडी? मग म्हणाला, सहज बोललो असेन. आईकडचं दार दुरुस्त करायचंय, एका शनिवारी येतोस का मदतीला, असं. त्यात काय.

"त्याने ते तुझ्या बहिणीला सांगितलं. तिच्या काउंटरवर जाऊन."

डेनिसच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तिला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच त्याच्या डोळ्यांत तिने आणखी काही पाहिलं. त्याला धक्का बसला होता, पण नवल वाटलं नव्हतं.

"तो काही करणार नाही," डेनिस म्हणाला.

"तुला खात्री आहे?"

तो पोस्टरांच्या कडा जुळवत राहिला. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

"मी मनापासून बदललं होतं आई," शेवटी तो म्हणाला. "काकासारखंच. मला कोणी ओढून नेलं नव्हतं. तेव्हा ही माणसं नव्हती. ती नंतर आली. घरोघर तीच जातात, फोन तीच करतात. मी कमिशनर झालो की निवडणूक कचेरी माझ्या हाताखाली येईल, म्हणून ती माझ्या मागे आहेत. तिथल्या बायका काढायच्या, हे त्यांचं आधीच ठरलंय."

"आणि तू त्यांना नको म्हणत नाहीस."

"म्हणालो होतो. एकदा. फेब्रुवारीत." त्याने गॅरेजच्या खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. "शॉनाचं डोकं दुखत नाहीये आई. ती घाबरून मुलींना घेऊन तिच्या आईकडे गेलीय. पुन्हा नको म्हणायची माझी हिंमत नाही."

वर्ना जुन्या फ्रीजरच्या झाकणावर बसली. दोन्ही पोरं तिच्याशी खोटं बोलली होती, दोघंही एकाच माणसाला घाबरून. आणि त्यातल्या एकाचं पोस्टर तो माणूस गावभर लावत फिरत होता.

"तू आलीस तर मला एक सांगता येईल," डेनिस हळूच म्हणाला. "माझी आई आपल्यात आहे, तिच्या घराकडे कोणी बघायचं नाही. एवढं ते ऐकतील. त्यांना तुझं नाव हवंय."

"आणि कॅरोलिन?"

"ती तुझ्या घरात आहे तोवर."

आता तिला कळलं की टेबलाशी त्याने मागितलं ते सगळं नव्हतं. पोरगा मतं मागायला आलाच होता, पण त्याहून जास्त आईच्या पदराआड उभं राहायला आला होता, आणि बहिणीलाही तिथेच उभं करायला. तिला त्याची कीव आली आणि संतापही आला. दोन्हींचा उपयोग नव्हता.

"सोमवारी जाईन," ती म्हणाली. "आज तू आधी ते दार नीट कर."

त्याने ते केलं. जेवण तसंच राहिलं.

सोमवारी बेसिलने तिला गाडीतून नेलं. वाटेत तो म्हणाला, मनाविरुद्ध करू नकोस वहिनी, असं कोणी बदलावं हे मलाही आवडत नाही. कोर्टाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर डेनिसची माणसं कार्डं वाटत होती. कोल रॅन्किनने पुढे होऊन तिच्यासाठी दार उघडून धरलं. "या, मिसेस झुबॅक," म्हणाला. लहानपणी गोळ्या घेताना म्हणायचा तसंच, अगदी अदबीने. ती आत गेल्यावर तोही मागोमाग आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

काउंटरवर कॅरोलिन होती. वर्नाने कागद पुढे सरकवला. कॅरोलिनने तो वाचला, पक्षाच्या रकान्यापाशी तिची नजर थांबली. तिने मान वर केली नाही.

"स्वतःच्या मर्जीने करताय ना?" तिने विचारलं. ती आईला कधी अहो-जाहो करत नसे. भिंतीशी उभ्या माणसाला ऐकू जावं इतक्या स्पष्टपणे तिने विचारलं, आणि वर्नाला उमगलं की पोरगी तिला एक वाट उघडून देतेय. नाही म्हण आणि घरी जा.

"माझ्याच मर्जीने," वर्ना म्हणाली.

शिक्का बसला.

संध्याकाळी घरी आल्यावर कॅरोलिनने कोट काढला नाही, तशीच स्वयंपाकघरात उभी राहिली. "माझ्यासाठी केलंस हे कळतं मला," ती म्हणाली. "म्हणूनच जास्त वाईट वाटतं." एवढंच. मग ती वर गेली.

त्या आठवड्यात ट्रक आला नाही, पुढच्याही आला नाही. वर्नाला झोप मात्र येईना. भीती गेली नव्हती, तिने नुसती जागा बदलली होती. पक्षाच्या जुन्या मैत्रिणींनी फोन करणं थांबवलं. प्रतिनिधीपद गेलं, ते तर जाणारच होतं. गल्लीतल्या काही जणी चर्चबाहेर तिचा हात दाबून म्हणाल्या, बरं झालं बाई, आम्ही कधीच बदललंय, तुला सांगायची भीती वाटायची. मग समोरच्या घरातली ओल्गा एका दुपारी सहज म्हणून आली, इकडचं तिकडचं बोलली आणि जाताना दाराशी थांबून कुजबुजली, "तुलाही कोणी येऊन बदल म्हणून सांगितलं का गं?" वर्नाने नाही म्हटलं. ओल्गाने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मलाही नाही." दोघी एकमेकींशी खोटं बोलल्या आणि दोघींनाही ते कळलं.

मतदान मे महिन्यात, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये झालं. इतकी वर्षं वर्ना त्याच हॉलमध्ये टेबलामागे बसली होती. आज टेबलापलीकडच्या बाईने तिला दुसऱ्या पक्षाची मतपत्रिका दिली आणि कसनुसं हसली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभं राहून वर्नाने कागद उलगडला.

कमिशनरसाठी दोन नावांपुढे खूण करता येत होती. डेनिसचं नाव वरून तिसरं. खाली हॅरिएट लोमॅक्स होती, निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर रिपब्लिकन. कचेरीतल्या बायकांना त्रास देणं थांबवा, असं या अख्ख्या निवडणुकीत तीच एकटी बोलली होती, आणि तिच्या घराच्या काचा फुटल्या होत्या. वर्नाने तिच्या नावापुढचा गोल काळा केला. मग पेन डेनिसच्या नावापाशी आलं.

दुसरं मत शिल्लक होतं. ते त्याला दिल्याने हॅरिएटचं काही जाणार नव्हतं. तो तिचा मुलगा होता, त्याचं बाळसेदार तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं, तापात कुशीत घेतलेलं. तिच्या मागे कोणीतरी खोकलं आणि तिने दचकून वळून पाहिलं. एक अनोळखी म्हातारा आपल्या पाळीची वाट बघत होता. इथे कोणी बघत नाही, ती स्वतःला म्हणाली. इतकी वर्षं ती म्हाताऱ्या माणसांना हेच सांगत आली होती, आडोशात कोणी बघत नाही. पहिल्यांदाच तिला त्यावर विश्वास ठेवायला कष्ट पडले.

तो गोल तिने कोरा सोडला. मतपत्रिका यंत्रात गेली, आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

डेनिस निवडून आला. चांगल्या फरकाने, पहिल्या नंबराने. हॅरिएट लोमॅक्स पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ना कॉफी करत होती तेव्हा रस्त्यावर हॉर्न वाजायला लागले. बरेच ट्रक होते, झेंडे लावलेले, सगळ्यात पुढे करडा. त्यातून डेनिस उतरला आणि एकटाच आत आला. नवीन जाकीट, गुळगुळीत दाढी. कॅरोलिन वरच्या खोलीतून खाली आली नाही.

"पाच मिनिटं आई," तो म्हणाला. "गावातून फेरी काढायचीय. तू वाटेवर आहेस म्हणून थांबायला लावलं."

तिने कप पुढे ठेवला. त्याने दोन्ही हातांनी तो धरला, पण उचलला नाही. बाहेर कोणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं आणि हशा झाला. वर्ना म्हणाली, हे बघायला तुझा बाप हवा होता. त्याने मान हलवली.

"आई," तो कपात बघत म्हणाला, "तू मला मत दिलं नाहीस ना?"

हा कोणासाठी विचारतोय, हे तिला कळेना. स्वतःसाठी, की बाहेर थांबलेल्यांसाठी? उत्तर याच्याबरोबर दारातून बाहेर जाईल का, करड्या ट्रकमध्ये बसेल का? आपल्या पोटच्या पोराबद्दल असं वाटावं, याचीच तिला जास्त भीती वाटली. दिलं रे, असं म्हणणं सोपं होतं. कोणी सिद्ध करू शकलं नसतं.

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. कपातली कॉफी बारीक थरथरत होती.

"नाही," ती म्हणाली.

डेनिसने कॉफी एका दमात संपवली. कप सिंकमध्ये नेऊन ठेवला, नळ सोडला, विसळला.

"बरं केलंस," तो म्हणाला. इतक्या हळू की बाहेरच्या हॉर्नमध्ये ते जवळजवळ हरवलंच.

मग दारापाशी तो जरा थांबला, जाकिटाची कॉलर सारखी केली, त्यामागोमाग चेहराही सारखा केला, आणि हात वर करत बाहेर गेला.